कत्तलखान्यापासून इस्पितळापर्यंत : डॉ. ऊगो चेर्लेत्ती

मानसोपचारांतील 'शॉक' हा शब्द उच्चारताच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एखादा चित्रपट उभा राहतो. हातपाय बांधलेला रुग्ण, कपाळाला लावलेल्या पट्ट्या, खटका ओढणारा निर्दय डॉक्टर. १९६७ च्या 'ज्वेल थीफ'मध्ये नायकाची स्मृती पुसण्यासाठी खलनायकाला विजेचे झटकेच सुचले. हॉलिवूडने १९७५ साली याच भीतीला जगभर पोचवले. मात्र ज्या माणसाने ही पद्धत शोधली, त्याचे नाव फारसे कुणाला ठाऊक नाही. स्वतःच्याच शोधाविषयी तो आयुष्यभर अस्वस्थ होता, आणि त्याची जागा घेणारे दुसरे औषध शोधण्यात त्याने आपली उत्तरायुष्यातली बरीच वर्षे खर्ची घातली, हे तर त्याहून थोड्यांना माहीत असेल. डॉ. ऊगो चेर्लेत्ती हे त्याचे नाव.

चेर्लेत्ती यांचा जन्म २६ सप्टेंबर १८७७ रोजी उत्तर इटलीतील कोनेल्यानो या गावी झाला. हा द्राक्षमळ्यांचा मुलूख. वडील जोव्हान्नी बात्तिस्ता चेर्लेत्ती हे मद्यनिर्मितीच्या शास्त्रातले जाणकार. मुलाच्या जन्माआधी एकच वर्ष त्यांनी या गावात इटलीतील पहिली मद्यशास्त्राची शाळा उभी करण्यात पुढाकार घेतला होता. मुलगा मात्र द्राक्षांच्या वाटेला न जाता वैद्यकाकडे वळला. तुरिन आणि रोम येथे शिक्षण घेतल्यावर तो पॅरिसला गेला आणि पुढे जर्मनीत हायडेलबर्ग व म्युनिक येथे. तो काळ मेंदूच्या सूक्ष्मरचनेच्या अभ्यासाचा सुवर्णकाळ होता. मज्जापेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची रीत घालून देणारे फ्रान्झ निस्ल, मनोविकारांचे वर्गीकरण करणारे एमिल क्रेपेलिन, आणि ज्यांचे नाव आज स्मृतिभ्रंशाच्या आजाराला चिकटले आहे ते आलोइस अल्झायमर, अशा दिग्गजांच्या सहवासात हा तरुण इटालियन डॉक्टर घडला. मनाचा आजार म्हणजे अखेर मेंदूचाच आजार, ही या सर्वांची श्रद्धा. चेर्लेत्ती यांनीही ती कधी सोडली नाही.

त्यांचा त्या दिवसांतला सोबती गाएतानो पेरुसिनी. दोघांनी मिळून गलगंड आणि त्यातून येणाऱ्या मतिमंदत्वाचा अभ्यास केला. आल्प्सच्या खोऱ्यांत तेव्हा हा आजार घरोघरी होता. पुढे पहिले महायुद्ध आले आणि १९१५ साली आघाडीवर जखमींची शुश्रूषा करताना पेरुसिनी मारले गेले. चेर्लेत्तीही या युद्धात होते, आल्पाइन तुकड्यांबरोबर बर्फाळ डोंगरांत. तिथे त्यांच्या स्वभावातला एक विशेष प्रथम दिसला. डोळ्यांसमोर आलेली अडचण आपल्या शास्त्राची आहे की दुसऱ्याच्या, याचा विचार न करता तिला हात घालण्याची त्यांना सवय होती. बर्फावर सैनिकांचे गडद गणवेश शत्रूला दुरून दिसतात, तेव्हा त्यांना पांढरे कपडे द्यावेत ही सूचना त्यांनी केली. तोफगोळा पडल्यानंतर बऱ्याच वेळाने फुटावा यासाठी उशिरा पेटणारी वात त्यांनी रचली. मज्जाशास्त्रज्ञाने बॉम्बच्या वातीत डोके घालावे हे चमत्कारिकच. पण पुढे विजेच्या बाबतीत त्यांनी जे केले, त्याची जातकुळी हीच होती.

युद्धानंतर मिलानजवळच्या मोंबेल्लो येथील मनोरुग्णालयातील संशोधन संस्था, मग बारी येथील अध्यापन, १९२८ पासून जेनोवा विद्यापीठ आणि १९३५ मध्ये रोम, असा त्यांचा प्रवास झाला. रोमच्या विद्यापीठातील मज्जाविकार व मनोविकारांच्या विभागाचे प्रमुखपद म्हणजे इटलीतील या शास्त्राचे सर्वोच्च आसन. तिथे पोचेपर्यंत त्यांचे वय अठ्ठावन्न झाले होते. त्या वयात बहुतेक प्राध्यापक पुढच्या पिढीला आशीर्वाद देत बसतात.

विजेशी त्यांची गाठ पडली ती नैराश्यामुळे नव्हे, छिन्नमनस्कतेमुळेही नव्हे. त्यांचा प्रश्न अपस्माराचा होता. फेफरे येणाऱ्या रुग्णांच्या मृत्यूनंतर मेंदूची तपासणी केली असता एक विशिष्ट भाग पुष्कळदा आक्रसलेला, कठीण झालेला आढळे. मेंढ्याच्या शिंगासारख्या वळणामुळे त्याला जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी अॅमनचे शिंग असे नाव दिले होते. आज आपण त्या भागाला हिप्पोकॅम्पस म्हणून ओळखतो. या भागाच्या बिघाडामुळे फेफरे येतात, की वारंवार फेफरे येऊन हा भाग बिघडतो? याचे उत्तर मिळवायचे तर धडधाकट प्राण्यात, कोणतेही विष न टोचता, आकडी आणता आली पाहिजे. विष वापरले तर मेंदूतला बदल आकडीमुळे झाला की विषामुळे, हे सांगता येणार नाही. म्हणून वीज. जेनोवात त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग सुरू केले. एक अग्र तोंडात, दुसरे गुदद्वारात. आकडी येई, पण प्रवाह हृदयातून जात असल्यामुळे पुष्कळ कुत्री दगावत. माणसाच्या बाबतीत असे काही करण्याचा विचार तेव्हा कुणाच्याही मनात नव्हता.

तो विचार बुडापेस्टहून आला. हंगेरियन डॉक्टर लादिस्लास मेदूना यांची समजूत अशी की, अपस्मार आणि छिन्नमनस्कता हे एकमेकांचे वैरी आहेत. एक असेल तिथे दुसरा टिकत नाही. तसे असेल तर छिन्नमनस्क रुग्णाला मुद्दाम फेफरे आणले तर तो बरा व्हावा. जानेवारी १९३४ मध्ये त्यांनी प्रथम कापराचे तेलातील इंजेक्शन दिले, पुढे कार्डियाझोल नावाचे रसायन वापरले. काही रुग्ण सुधारले. मूळ समजूत चुकीची होती, दोन्ही आजार एकाच माणसात खुशाल नांदतात हे नंतर सिद्ध झाले. पण उपचार लागू पडला. वैद्यकात असे घडते, आणि मानसोपचारात जरा अधिकच. कार्डियाझोलचा मोठा दोष म्हणजे इंजेक्शन आणि आकडी यांच्यामधला काही क्षणांचा अवधी. त्या अवधीत रुग्ण पूर्ण शुद्धीवर असे आणि आपण आता संपलो अशा भीतीने तो गांगरून जाई. एकदा अनुभव घेतलेला रुग्ण दुसऱ्या वेळी सुई पाहून पळ काढी.

रोमच्या इस्पितळातही कार्डियाझोल दिले जात होते. आपल्या प्रयोगशाळेत कुत्र्यांना वीज देऊन आकडी येते, मग ती माणसाला का देऊ नये, हा प्रश्न चेर्लेत्ती यांना स्वाभाविकच पडला. त्यांचे सहकारी लूचो बीनी हे तिशीही न गाठलेले, यंत्राची उत्तम जाण असलेले डॉक्टर. विजेची दोन्ही अग्रे कुत्र्याच्या डोक्याच्या दोन बाजूंना, कानशिलांवर ठेवली तर प्रवाह हृदयाकडे जात नाही, हे त्यांनी पाहिले. साधी वाटणारी ही गोष्टच निर्णायक ठरली. १९३७ साली स्वित्झर्लंडमधील म्यून्सिंगेन येथे मनोविकारांवरील नव्या उपचारांची परिषद भरली, तेव्हा बीनी यांनी या प्राणिप्रयोगांची माहिती दिली. तरीही माणसाच्या डोक्याला वीज लावण्याचे धाडस होईना. अमेरिकेत त्याच साधनाने गुन्हेगारांना देहान्त शिक्षा देतात, हे सर्वांना माहीत होते.

अशात चेर्लेत्ती यांच्या कानावर आले की, रोमच्या कत्तलखान्यात डुकरांना विजेने मारतात. ते स्वतः तिथे गेले. दृश्य वेगळेच होते. लोखंडी मोठा चिमटा डुकराच्या कानशिलांवर दाबून सुमारे सव्वाशे व्होल्टचा प्रवाह सोडला जाई. जनावर ताठ होऊन कोसळे, मग त्याला झटके येत, आणि ते बेशुद्ध असतानाच खाटीक गळा चिरी. वीज डुकराला मारत नव्हती, सुरी मारत होती. सुरी फिरवली नाही तर काय होते? चेर्लेत्तींनी तेच करून पाहिले. डुकरे थोड्या वेळाने उठून चालू लागली. मग त्यांनी प्रवाहाचा कालावधी आणि दाब बदलत अनेक जनावरांवर प्रयोग केले. आकडी आणण्यास सेकंदाचा अंश पुरे होतो आणि मृत्यू यायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो, असे निष्पन्न झाले. सुरक्षिततेची रुंद पट्टी सापडली ती अशी, कत्तलखान्याच्या ओल्या फरशीवर. या उपचाराच्या विरोधकांना पुढे हे कोलीतच मिळाले. चेर्लेत्तींनी मात्र ही हकिगत कधी लपवली नाही, उलट व्याख्यानांत ती आवर्जून सांगितली.

एप्रिल १९३८ मध्ये रोमच्या रेल्वे स्थानकावर एकोणचाळीस वर्षांचा एक माणूस विनातिकीट, बावरलेला, भटकताना पोलिसांना सापडला. तो मिलानचा एक अभियंता होता. स्वतः घडवलेल्या, कुणालाही न कळणाऱ्या शब्दांत तो बोलत होता. पोलिसांनी त्याला निरीक्षणासाठी चेर्लेत्तींच्या इस्पितळात धाडले. त्याच्याबरोबर कुणी नातेवाईक नव्हते, आणि स्वतःची संमती देण्याच्या स्थितीत तो नव्हता. आजच्या नियमांनुसार त्याच्यावर असा प्रयोग करताच आला नसता. त्या काळी तसा नियम नव्हता आणि मुसोलिनीच्या इटलीत प्राध्यापकाला जाब विचारणारेही फारसे कुणी नव्हते.

त्या दिवशी खोलीत चेर्लेत्ती, बीनी आणि मोजके सहकारी होते. त्यांतील फेर्दिनांदो आक्कोर्नेरो यांनी अनेक वर्षांनी, १९७० साली, आपण पाहिलेले लिहून ठेवले. निरनिराळ्या साक्षीदारांच्या कथनांत तारीख आणि व्होल्टचे आकडे जुळत नाहीत, पण मुख्य घटनाक्रमाबद्दल एकमत आहे. पहिला झटका सौम्य दिला गेला. माणूस दचकला, अंग ताठ झाले, पण शुद्ध गेली नाही. थोड्या वेळाने तो मोठ्याने गाऊ लागला. दाब वाढवावा की आज इथेच थांबावे, अशी कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात, आतापर्यंत निरर्थक बडबड करणारा तो रुग्ण अगदी स्वच्छ इटालियनमध्ये म्हणाला की पुन्हा हे करू नका, यात जीव जाईल. खोलीतले लोक चरकले. चेर्लेत्तीही चरकले, पण अशा सूचनेपुढे नमते घेतले तर हा प्रयोग कधीच होणार नाही, असे त्यांना वाटले असावे. त्यांनी पुढे जाण्यास सांगितले. दुसऱ्या वेळी पूर्ण आकडी आली. श्वास थांबला, चेहरा निळसर झाला. पाहणाऱ्यांना ते क्षण अनंत वाटले. मग एक दीर्घ श्वास आला आणि रंग परतला. काही वेळाने तो माणूस उठून बसला, शांतपणे आजूबाजूला पाहू लागला. काय झाले असे विचारता, माहीत नाही, झोप लागली होती बहुधा, अशा अर्थाचे त्याने उत्तर दिले.

हेच उत्तर चेर्लेत्तींना महत्त्वाचे वाटले. वीज लागताच शुद्ध हरपते, म्हणून कार्डियाझोलमधली ती भयंकर काही क्षणांची वाट पाहणे इथे नव्हते. त्या रुग्णाला एकूण अकरा वेळा पूर्ण उपचार दिले गेले. त्याचे बोलणे सुसंगत झाले, भास गेले, तो घरी परतला. मे महिन्यात रोमच्या वैद्यकीय अकादमीपुढे हा वृत्तांत मांडण्यात आला आणि 'एलेत्त्रोशॉक' हा शब्द रूढ झाला. त्या पहिल्या रुग्णाचा आजार काही काळाने उलटला, ही गोष्ट गौरवग्रंथांत बहुधा गाळली जाते. ती गाळण्याजोगी नाही, कारण या उपचाराचा सर्वांत मोठा दुबळेपणा पहिल्याच रुग्णात दिसला होता.

शोध वणव्यासारखा पसरला. बर्लिनहून हिटलरच्या भयाने रोमला आलेले डॉ. लोथार कालिनोव्स्की यांनी हे उपचार जवळून पाहिले होते. इटलीतही वंशद्वेषाचे कायदे आल्यावर ते पॅरिस, हॉलंड, इंग्लंड असे करत १९४० साली न्यूयॉर्कला पोचले आणि जातील तिथे ही पद्धत शिकवत गेले. यंत्र स्वस्त, उचलून नेण्याजोगे, परिणाम झटपट. आणि लवकरच एक अनपेक्षित गोष्ट लक्षात आली. छिन्नमनस्कतेसाठी शोधलेला हा उपचार तिथे बेताचाच गुणकारी होता. गुण आला तो तीव्र नैराश्यात. खाणेपिणे सोडून भिंतीकडे तोंड करून महिनोन्महिने पडून राहिलेली, मरणाची वाट पाहणारी माणसे सहा-आठ वेळच्या उपचारानंतर जेवू लागली, बोलू लागली. नैराश्यावरील गोळ्या १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आल्या. त्याआधीच्या वीस वर्षांत अशा रुग्णांसाठी दुसरे काहीच नव्हते.

वणव्याचे दुसरे अंगही होते. भूल न देता आणि स्नायू शिथिल न करता दिलेल्या झटक्यांत मणके पिचत, हाडे मोडत. ओसंडून वाहणाऱ्या वेड्यांच्या इस्पितळांत हे यंत्र उपचारापेक्षा दंडुक्यासारखे वापरले गेले; दंगा करणाऱ्याला शॉक, उलट बोलणाऱ्याला शॉक. खुद्द बीनी यांनी दिवसातून अनेकदा झटके देण्याची पद्धत चालवून पाहिली. माँट्रियलमध्ये १९५० व ६० च्या दशकांत तर रुग्णांच्या मनाची पाटी कोरी करण्याच्या नावाखाली याहून भयंकर प्रकार झाले. या गैरवापराचे खापर चेर्लेत्तींच्या माथी फोडणे न्याय्य नाही; पण भानावर येऊन नको म्हणणाऱ्या रुग्णावर पहिलाच प्रयोग त्यांनी रेटला होता, हेही नजरेआड करता येत नाही.

त्यांना स्वतःला याची टोचणी होती. पुढे लिहिलेल्या आठवणींत त्यांनी कबूल केले की, रुग्णाला आकडीत तडफडताना पाहून ही पद्धत नाहीशी व्हायला हवी असे त्यांच्या मनात आले होते आणि तेव्हापासून ते तिच्या पर्यायाची वाट पाहत होते. नुसती वाट पाहत ते बसले नाहीत. त्यांची कल्पना अशी : आकडी म्हणजे शरीराच्या दृष्टीने मृत्यूच्या उंबरठ्यावरची झुंज, त्या क्षणी मेंदू बचावासाठी काही द्रव्ये तयार करत असला पाहिजे, गुण येतो तो विजेने नव्हे, या द्रव्यांनी. त्यांना त्यांनी 'अॅक्रोअॅगोनिन' असे नाव दिले. मग ती द्रव्येच टोचली तर झटक्याची गरज काय? पुन्हा डुकरे आली. विजेचे झटके दिलेल्या डुकरांच्या मेंदूचा अर्क काढून तो रुग्णांना टोचण्याचे प्रयोग त्यांनी वर्षानुवर्षे केले. त्यांना स्वतःला गुण दिसत होता. इतरांना तो सापडला नाही. ही द्रव्ये कधीच वेगळी काढता आली नाहीत आणि कल्पना त्यांच्याबरोबरच मावळली.

१९४८ साली ते अध्यापनातून निवृत्त झाले. दुसऱ्याच वर्षी त्यांनी इटलीतील मनोरुग्णालयांच्या दारुण अवस्थेवर एक घणाघाती लेख लिहिला. त्याचे शीर्षक त्या सुमारास गाजलेल्या एका अमेरिकन चित्रपटावरून घेतलेले, सापांच्या खाईचे होते. १९४९ चेच नोबेल पारितोषिक मेंदूची शस्त्रक्रिया करून मनोरुग्णांना शांत करणारे पोर्तुगीज डॉक्टर एगास मोनिझ यांना मिळाले. चेर्लेत्तींच्या नावाचीही नोबेलसाठी शिफारस झाली होती, पण ते त्यांच्या वाट्याला आले नाही. मोनिझ यांची शस्त्रक्रिया आज इतिहासजमा झाली आहे. चेर्लेत्तींचा उपचार अजून चालू आहे. श्रेयाबद्दल बीनी यांच्याशी त्यांचे संबंध पुढे पूर्वीसारखे राहिले नाहीत. २५ जुलै १९६३ रोजी रोम येथे त्यांचे निधन झाले. बीनी १९६४ साली गेले. त्यानंतर इटलीत मनोरुग्णालयांविरुद्ध मोठी चळवळ उभी राहिली, १९७८ च्या कायद्याने ती बंद करण्याचा मार्ग खुला झाला, आणि जिथे हा उपचार जन्मला त्या देशात तो जवळपास हद्दपार झाला. आज इटलीतली मोजकीच केंद्रे तो देतात.

इतरत्र त्याचे रूप पालटले आहे. रुग्णाला भूल दिली जाते, स्नायू शिथिल करणारे औषध दिले जाते. आकडी येते ती मुख्यतः मेंदूच्या आलेखावर दिसते, अंगावर फारशी नाही. आठवड्यातून दोन-तीनदा, एकूण सहा ते बारा वेळा, असा सर्वसाधारण क्रम. भारतात २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ मध्ये लागू झाला. त्याने भूल व स्नायुशिथिलक न देता असा उपचार करण्यास बंदी घातली, आणि अल्पवयीन मुलांसाठी पालकांची संमती व मंडळाची पूर्वपरवानगी सक्तीची केली. जीवाचा धोका अत्यल्प आहे. दर एक लाख उपचारांमागे सुमारे दोन मृत्यू, असा अंदाज आहे. तक्रार उरते ती स्मृतीची. उपचाराच्या आधीचे काही आठवडे वा महिने काही रुग्णांच्या मनातून पुसट होतात, काहींच्या आयुष्यातल्या आठवणी कायमच्या जातात. कपाळाच्या एकाच, उजव्या बाजूने आणि अतिसूक्ष्म स्पंदांनी वीज दिली तर हे नुकसान बरेच घटते. आणि आजार उलटण्याचा तो जुना प्रश्नही सुटलेला नाही. २००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर चाचणीत, बरे झालेल्या ज्या रुग्णांना पुढे औषधे दिली नाहीत त्यांतील ८४ टक्के रुग्ण सहा महिन्यांत पुन्हा नैराश्यात गेले. दोन औषधे एकत्र दिलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

आकडी न आणता मेंदूला चेतवण्याच्या वाटाही निघाल्या आहेत. १९८५ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे कवटीबाहेरून चुंबकाने मेंदूला उत्तेजन देण्याचे तंत्र सिद्ध झाले. नैराश्यासाठी त्याला अमेरिकेत २००८ मध्ये मान्यता मिळाली. टोरांटोतील डॉक्टरांनी २००५ मध्ये सहा रुग्णांच्या मेंदूत खोलवर तारा बसवून पाहिल्या. अतितीव्र नैराश्यात चेर्लेत्तींच्या जुन्या उपचाराची बरोबरी यांतील कशालाही अजून पूर्णपणे साधलेली नाही.

आकडीने गुण नेमका का येतो, याचे सर्वमान्य उत्तर आजही नाही. प्राण्यांवरील प्रयोगांत असे दिसले की, विजेच्या आकडीनंतर हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशींची निर्मिती वाढते. अलीकडच्या काळात अनेक देशांतील रुग्णांच्या मेंदूच्या एमआरआय प्रतिमा एकत्र करून तपासण्यात आल्या. उपचारानंतर हा भाग आक्रसत नाही, उलट मोजता येईल इतका वाढतो. मात्र तो ज्यांच्यात अधिक वाढला ते अधिक बरे झाले, असे काही आढळले नाही. जेनोवाच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांवर पहिल्यांदा वीज सोडली गेली, ती मेंदूच्या याच भागाचे आकडीने काय होते हे पाहण्यासाठी.